गोदाकाठचे विलोमकवी : दैवज्ञ सूर्यदास

माजलगावाहून ईशान्येकडे निघालेला रस्ता गोदावरी ओलांडतो आणि बीड जिल्हा मागे पडून परभणी जिल्ह्यातील पाथरी तालुका सुरू होतो. आज ही नदी दोन जिल्ह्यांची हद्द आहे. पाचशे वर्षांपूर्वी मात्र ती दोन्ही तीरांवरील विद्वानांना एकत्र बांधणारा धागा होती. पलीकडच्या तीरावरील पाथरीला संस्कृत ग्रंथांत पार्थपूर म्हणत. या पार्थपुरात सोळाव्या शतकात एक असा पंडित होऊन गेला, की ज्याने भास्कराचार्यांच्या गणितावर टीका लिहिल्या आणि त्याच लेखणीने संस्कृत साहित्यात पूर्वी कोणी न केलेला एक प्रयोग सिद्ध केला. डावीकडून वाचले तर रामकथा आणि उजवीकडून वाचले तर कृष्णकथा सांगणारे काव्य त्याने रचले. दैवज्ञ सूर्य पंडित, सूर्यकवी, सूर्यदास अशा निरनिराळ्या नावांनी तो ओळखला जातो. दुर्दैव असे, की गणिताचे अभ्यासक त्यातील एका नावाला ओळखतात, काव्याचे अभ्यासक दुसऱ्या, आणि ज्या मातीत हा पुरुष वाढला तेथील सामान्य वाचकापर्यंत यातील एकही नाव पोहोचलेले नाही.

विद्येचे घराणे

सूर्यदासांचे घराणे ज्योतिष्यांचे. या कुळाचा एक पूर्वज देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या दरबारी सन्मान पावला होता, अशी कुलपरंपरा आहे. गोदेच्या या टापूशी यादवांचा संबंध किती निकट होता याची साक्ष बीड जिल्ह्यातच मिळते. माजलगाव तालुक्यातील पुरुषोत्तमपुरी येथे सापडलेला रामचंद्राचा ताम्रपट शके १२३२ म्हणजे इ.स. १३१० चा आहे. देवगिरीची सत्ता मावळण्याच्या अगदी उंबरठ्यावरचा तो दस्तऐवज. पुढे यादव गेले, बहमनी आले, बहमनींचेही तुकडे झाले. मात्र गोदाकाठच्या घरांतील पोथ्या, पंचांगे आणि अध्यापन यांची परंपरा तुटली नाही.

सूर्यदासांचे वडील ज्ञानराज हे स्वतः मोठे सिद्धांतकार होते. त्यांनी शके १४२५ मध्ये, म्हणजे इ.स. १५०३ च्या सुमारास, ‘सिद्धांतसुंदर’ हा ग्रंथ रचला. भास्कराचार्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० चा. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी खगोलशास्त्राची संपूर्ण मांडणी नव्याने करण्याचे धाडस ज्ञानराजांनी केले. पुराणांतील विश्ववर्णन आणि ज्योतिषसिद्धांतांतील गोल पृथ्वी यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न हे त्या ग्रंथाचे एक वैशिष्ट्य. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील ऋतुवर्णन. खगोलाच्या ग्रंथात ज्ञानराजांनी ऋतूंचे अलंकारप्रचुर काव्य गुंफले आहे. गणित आणि काव्य ही दोन वेगळी दालने आहेत, असे या घरात कोणी मानत नव्हते. ज्ञानराजांचे दुसरे पुत्र चिंतामणी यांनी वडिलांच्या ग्रंथावर टीका लिहिली. सूर्यदासांनी मात्र वडिलांच्याही मागे जाऊन थेट भास्कराचार्यांना हात घातला.

धामधुमीचा काळ

सूर्यदासांचा जन्म इ.स. १५०७-०८ चा. हा काळ शांततेचा नव्हता. पाथरीवर एका बाजूने वऱ्हाडच्या इमादशाहीचा ताबा होता, तर दुसरीकडे अहमदनगरच्या निजामशाहीचा तिच्यावर डोळा होता. निजामशाहीच्या संस्थापकाचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुलकर्णी, असे फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे. आपल्या पूर्वजांचे गाव आपल्या राज्यात असावे, या इच्छेने बुऱ्हाण निजामशहाने प्रथम इमादशहाकडे मागणी केली आणि ती फेटाळली गेल्यावर १५१८ मध्ये पाथरी बळाने घेतली. इमादशहाने ती परत मिळवली. १५२७ मध्ये बुऱ्हाणने पुन्हा चढाई करून ती जिंकली. पहिल्या स्वारीच्या वेळी सूर्यदास दहा-अकरा वर्षांचे होते, दुसऱ्या वेळी विशीच्या आसपास. म्हणजे त्यांचे सारे विद्यार्थिजीवन हे गाव या सत्तेकडून त्या सत्तेकडे जाण्याच्या काळात गेले.

अशा काळात माणूस एक तर गाव सोडतो किंवा आपल्या विद्येत अधिक खोल उतरतो. गोदाकाठची अनेक ज्योतिषी घराणी पुढे काशीला गेली आणि तेथे नावारूपाला आली. सूर्यदासांचे नाव मात्र पार्थपुराशीच जोडलेले राहिले.

भास्कराचार्यांचा वाचक

भास्कराचार्यांचे आपले गाव म्हणून सांगितलेले विज्जडवीड कोठे, हा जुना वाद आहे. विज्जडवीड म्हणजे आजचे बीड, असा तर्क काही अभ्यासकांनी केला होता. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख मिळाल्यामुळे पुढे पारडे खानदेशाकडे झुकले. गाव कोणतेही असो, या साऱ्या पट्ट्यात ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे ग्रंथ पाठशाळांच्या रोजच्या अध्ययनात होते. त्यांचा अर्थ उलगडून सांगणाऱ्या टीकाकारांची समाजाला गरज होती.

शके १४६० म्हणजे १५३८ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, सूर्यदासांनी ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका पूर्ण केली. तीन वर्षांनी, शके १४६३ म्हणजे १५४१ मध्ये, ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’ लिहिली. योगायोग असा, की त्याच १५०७ साली जन्मलेले कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनीही १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली. एक समुद्रकाठी, एक गोदाकाठी. दोघे समवयस्क महाराष्ट्रीय पंडित चार वर्षांच्या अंतराने एकाच ग्रंथाचा अर्थ लावीत होते. गणेश दैवज्ञांचे ‘ग्रहलाघव’ पंचांगकर्त्यांच्या हाती शतकानुशतके राहिले आणि त्यांचे नाव घरोघरी गेले. सूर्यदासांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

‘लीलावती’चा टीकाकार हा नुसता गणिती असून भागत नाही. भास्कराचार्यांनी उदाहरणे घातली आहेत ती भुंग्यांची, हंसांची, मोर आणि सापाची. ‘बीजगणिता’च्या आरंभीच्या श्लोकात तर अव्यक्त हा शब्द तत्त्वज्ञानातील अव्यक्तालाही लागू पडतो आणि गणितातील अज्ञात राशीलाही. असे श्लोक उलगडण्यासाठी व्याकरण, अलंकार आणि तत्त्वज्ञान यांची बैठक हवी. सूर्यदासांपाशी ती होती. गणिताबरोबरच त्यांनी भगवद्गीतेवर ‘परमार्थप्रपा’, अमरुशतकावर ‘शृंगारतरंगिणी’, तसेच ‘नृसिंहचंपू’ आणि ‘ताजिकालंकार’ असे विविध विषयांवरील ग्रंथ लिहिले. यवनांच्या ज्योतिषातील मतांचा परामर्शही त्यांनी घेतला. रणांगण बनलेल्या सीमेवर राहून शेजारच्या परंपरेकडे जिज्ञासेने पाहणे हे त्यांच्या वृत्तीचे द्योतक आहे.

दोन्ही टोकांनी वाचावे असे काव्य

सूर्यदासांचे नाव ज्या कृतीने वेगळे ठरले ती म्हणजे ‘रामकृष्णविलोमकाव्य’. विलोम म्हणजे उलट. उलटसुलट सारखेच वाचले जाणारे शब्द मराठी मुलांच्या खेळातले आहेत. कनक, जलज, नवजीवन हे शब्द शेवटाकडून वाचले तरी तेच राहतात. दुसऱ्या प्रकारचे शब्द उलटल्यावर वेगळा अर्थ देतात. नदी उलटली की दीन होते, राधा उलटली की धारा. आता नदी आणि दीन हे दोन शब्द शेजारी ठेवले, तर चार अक्षरांची अशी साखळी तयार होते, की जी दोन्ही टोकांनी सारखीच वाचता येते; पण तिच्या पहिल्या अर्ध्या भागाचा अर्थ एक आणि दुसऱ्याचा दुसरा असतो. सूर्यदासांच्या काव्यातील प्रत्येक श्लोक नेमका याच बांधणीचा आहे. पूर्वार्ध रामाविषयी बोलतो. तीच अक्षरे शेवटाकडून आरंभाकडे लिहिली की उत्तरार्ध तयार होतो आणि तो कृष्णाविषयी बोलतो. पहिल्याच श्लोकात एका दिशेने सीतेला सोडवणाऱ्या रामाला वंदन आहे, तर उलट दिशेने यादवकुलातील कृष्णाला.

चार अक्षरांत हे साधणे सोपे. बावीस अक्षरांच्या अर्ध्या श्लोकात ते साधणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोरा ओवणे आहे. येथे उलटायचे ते अक्षर, म्हणजे स्वरासह व्यंजन. जोडाक्षर फोडता येत नाही. ते जसेच्या तसे उचलून नव्या जागी ठेवावे लागते. पण जोडाक्षराच्या आधी येणारे ऱ्हस्व अक्षर वृत्तात गुरू मानले जाते. ओळ उलटली की जोडाक्षराच्या आधी वेगळेच अक्षर येते आणि लघुगुरूंचा सारा हिशेब बदलतो. शिवाय शब्दांच्या सीमा बदलतात. सुलट वाचनात ज्या तीन अक्षरांचा एक शब्द होतो, त्यांतील दोन अक्षरे उलट वाचनात शेजारच्या शब्दाला जाऊन मिळतात. संस्कृतातील समास, विभक्तीमुळे मिळणारे शब्दक्रमाचे स्वातंत्र्य आणि एका अक्षराचे अर्थपूर्ण शब्द यांचा आधार घेऊन कवीने ही कसरत चाळिसांहून कमी श्लोकांत निभावली. अर्थ क्लिष्ट झाला हे त्यांनाही ठाऊक असावे. म्हणूनच या काव्यावर त्यांनी स्वतःच टीका लिहिली.

उलट वाचता येणारे श्लोक सूर्यदासांच्या आधीही होते. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’चा पंधरावा सर्ग आणि माघाच्या ‘शिशुपालवधा’चा एकोणिसावा सर्ग अशा चित्रकाव्यासाठी प्रसिद्ध आहेत. दोन्ही युद्धाचे सर्ग. शब्दांनीही व्यूह रचावेत, अशी त्यामागची कल्पना. पण तेथे उलट श्लोक हे मोठ्या महाकाव्यातील तुरळक चमत्कार आहेत. आरंभापासून अखेरपर्यंत संपूर्ण काव्य विलोमात रचायचे आणि दोन दिशांना दोन स्वतंत्र कथा वाहू द्यायच्या, ही कल्पना सूर्यदासांची. अमेरिकी संस्कृतज्ञ क्रिस्टोफर मिन्कोव्स्की यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात या काव्यप्रकाराच्या शोधाचे श्रेय सूर्यदासांना दिले आहे. सतराव्या शतकात कांचीपुरम परिसरातील वेंकटाध्वरींनी ‘राघवयादवीय’ रचले. त्याचे कौतुक अलीकडे पुष्कळ होते. मात्र त्याची वाट पार्थपुराहून निघालेली आहे, याचे स्मरण कोणी करीत नाही.

ही कल्पना नेमकी याच काळात, याच भूमीत का सुचली असावी? दख्खनच्या दफ्तरांत तेव्हा उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी फारसी आणि डावीकडून उजवीकडे लिहिली जाणारी देशी लिपी शेजारी शेजारी नांदत होत्या. एकाच कचेरीत दोन दिशांनी वाचन चालत असलेले पाहणाऱ्या पंडिताला आपल्या अक्षरांनाही उलट चालवून पाहावेसे वाटले असेल, हा तर्क आकर्षक आहे. पण दुसरे कारण त्याहून जवळचे, थेट ‘लीलावती’च्या पानांत आहे.

गणितातील उलटी वाट

‘लीलावती’त व्यस्तविधी नावाचा एक नियम आहे, त्यालाच विलोमविधी असेही म्हणतात. एखाद्या अज्ञात संख्येवर क्रमाने काही क्रिया केल्या आणि शेवटचे उत्तर दिले, तर मूळ संख्या शोधण्यासाठी शेवटाकडून आरंभाकडे यावे आणि प्रत्येक क्रियेच्या जागी तिची उलट क्रिया करावी. गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गमुळाच्या जागी वर्ग. समजा, एका संख्येला ३ ने गुणले, त्यात ४ मिळवले, वर्गमूळ काढले आणि उत्तर ५ आले. आता परत फिरावे. ५ चा वर्ग २५, त्यातून ४ वजा जाता २१, त्यास ३ ने भागता ७. मूळ संख्या ७. या नियमाचे मर्म दोन गोष्टींत आहे. नुसत्या क्रिया उलटून चालत नाही, त्यांचा क्रमही उलटावा लागतो. अंगरखा घालून वर उपरणे घेतलेल्या माणसाला आधी उपरणेच उतरवावे लागते, तसे हे आहे.

हा नियम ज्याने वर्षानुवर्षे शिष्यांना समजावून सांगितला असेल, त्याच्या मनात विलोम हा शब्द केवळ अलंकार म्हणून राहणे कठीण. गणितात उलट वाट माणसाला ज्ञाताकडून अज्ञाताकडे नेते. सूर्यदासांच्या काव्यात ती रामाकडून कृष्णाकडे नेते. दोन्ही ठिकाणी साहित्य तेच, फक्त प्रवासाची दिशा वेगळी.

या विचाराचे दूरचे नातेवाईक आधुनिक गणितातही भेटतात. १८८२ मध्ये जर्मन गणिती वाल्टर फॉन डायक यांनी ज्यांचा पाया घातला, ते मुक्त गट म्हणजे एका अर्थी अक्षरांचेच गणित होय. अ आणि ब ही दोन जनक अक्षरे घ्यावीत आणि प्रत्येकाला एक व्यस्त अक्षर द्यावे. अक्षर आणि त्याचे व्यस्त शेजारी आले की दोन्ही नाहीशी होतात. याखेरीज कोणतेही बंधन नाही. या गटात अब या शब्दाचे व्यस्त काढायचे, तर आधी ब चे व्यस्त आणि मग अ चे व्यस्त लिहावे लागते. भास्कराचार्यांचा नियमच येथे नव्या वेशात येतो. विलोमशब्दांना या गटात विशेष स्थान आहे. उदाहरणार्थ, अबअ हा उलटसुलट सारखा शब्द. तो आणि अ एवढेच हाती असले, तरी दोन्ही टोकांचे अ व्यस्ताने काढून टाकून ब मोकळा करता येतो आणि मग सारा गट उभा राहतो. म्हणजे ही जोडीही जनकच. दोन अक्षरांच्या मुक्त गटात जनकजोडीचा घटक होऊ शकणारा कोणताही शब्द घेतला, तर त्यातील अक्षरे एका टोकाकडून उचलून दुसऱ्या टोकाला नेण्याची मुभा असल्यास तो एक विलोमशब्द तरी बनतो किंवा दोन विलोमशब्दांचा जोड तरी, हे गणितज्ञांनी सिद्ध केले आहे. सूर्यदासांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मात्र शब्द उलटल्यावर काय टिकते आणि काय बदलते, हा त्यांचा प्रश्न पोरखेळ नव्हता, एवढे यावरून ध्यानात येते.

दुभंगलेली कीर्ती

संस्कृत काव्यशास्त्राने चित्रकाव्याला कधीच मानाचे पान दिले नाही. आनंदवर्धन आणि मम्मट यांच्यासारख्या आचार्यांच्या दृष्टीने ध्वनी हा काव्याचा आत्मा, आणि शब्दांची कसरत ही सर्वांत खालच्या पायरीवरची रचना. रसिकांनी त्यामुळे ‘रामकृष्णविलोमकाव्या’कडे एक कौतुकाची वस्तू म्हणून पाहिले. दुसरीकडे गणिताच्या इतिहासकारांनी सूर्यदासांच्या टीका चाळल्या, पण त्यांचे काव्य हा आपला प्रांत मानला नाही. एका माणसाची कीर्ती अशी मधोमध कापली गेली.

तरीही गेल्या काही दशकांत चित्र पालटू लागले आहे. ‘सूर्यप्रकाश’ टीकेच्या एका भागाचे संपादन व इंग्रजी भाषांतर पुष्पा कुमारी जैन यांनी केले आणि ते २००१ मध्ये वडोदऱ्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत प्रसिद्ध झाले. ज्ञानराजांच्या ‘सिद्धांतसुंदरा’चे भाषांतर टोके क्नुडसेन यांनी केले, ते २०१४ मध्ये अमेरिकेत छापून आले. गोदाकाठच्या या पितापुत्रांचा अभ्यास अमेरिकेतील विद्यापीठांत होतो, ही अभिमानाची बाब आहे. त्याच वेळी माजलगाव आणि पाथरीच्या शाळांत ‘लीलावती’चे कोडे सोडवणाऱ्या मुलाला, तिचा एक थोर टीकाकार नदीच्या याच काठावर होऊन गेला हे कोणी सांगत नाही, ही खंतही आहे.

सूर्यदासांच्या स्मृतीसाठी पुतळा किंवा इमारत नसली तरी चालेल. व्यस्तविधीचे एक उदाहरण आणि विलोमाचा एक श्लोक एकाच तासाला, एकाच फळ्यावर शिकवला गेला, तर पाचशे वर्षांपूर्वी दोन भागांत वाटला गेलेला हा माणूस पुन्हा एकसंध उभा राहील. त्यांच्या श्लोकाला जशी दोन टोके आहेत आणि दोन्ही टोकांनी वाचल्यावाचून तो पुरा होत नाही, तसेच त्यांच्या जीवनाचेही आहे. गणिताकडून वाचत गेले की काव्य लागते आणि काव्याकडून परतले की गणित.